पाटीवरचा 'किरकोळ' शब्द : बेळगावच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

शहरातल्या सर्व पक्षांच्या व गटांच्या पुढाऱ्यांस, आणि गेल्या रविवारी मंगल कार्यालयातल्या बैठकीत व्यासपीठावर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण आमच्या दुकानाच्या पायरीवर कधी ना कधी टेकून गेले आहेत. वडगावात, रात्री दहापर्यंत मागांचा खडखडाट थांबत नाही अशा गल्लीत, आमचं किराणा दुकान आहे. मला तुम्ही ओळखत नसाल, पण माझ्या मालकांना, म्हणजे यजमानांना, ओळखता. 2021 च्या महापालिका निवडणुकीत कपबशी हे चिन्ह घेऊन उभे होते ते. पत्रकावर स्वतःच्या नावाखाली 'महापौरपदासाठी' असं छापणारे, आणि अनामत घालवून बसलेले. रविवारच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं आणि हशा पिकला, असं कळलं. हशाचं मला काही नाही. आम्ही घरातही हसतो.

पण त्या बैठकीत एक ठरावही झाला. येत्या निवडणुकीत किरकोळ उमेदवारांनी उभं राहू नये, मतं फुटतात. जे ऐकतील त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, जे ऐकणार नाहीत त्यांच्याशी गल्लीने व्यवहार ठेवू नये. निवडणुकीची तारीख अजून लागलेली नाही, पण ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघे जण दुकानात आले. त्यातला एक मालकांचा शाळेतला वर्गमित्र. मला म्हणाला, "वहिनी, ह्या खेपेला तरी थांबवा की त्यांना. उगंच चार मतं खाऊन काय करालेत?" मी त्याला पाव किलो साखर बांधून दिली, सुट्टे परत केले, आणि काही बोलले नाही. त्या वेळी जे बोलले नाही, ते आज लिहिते.

आधी त्या शब्दाचं. 'किरकोळ' हा शब्द आमच्या पाटीवरच होता. 'किराणा-भुसार, घाऊक व किरकोळ.' त्यातलं घाऊक ही माझ्या सासऱ्यांची हौस. आम्हीच रविवार पेठेतून माल आणणार, आम्ही घाऊक काय विकणार? 2024 साली पाट्यांचा कायदा आला, साठ टक्के कन्नड हवं म्हणून नवी पाटी करावी लागली. रंगारी म्हणाला, "मावशी, मराठीला जागा पुरत नाही, कुठला शब्द काढू?" मी म्हटलं, घाऊक काढ, किरकोळ राहू दे. तेव्हा हा शब्द मला शिवी म्हणून लागत नाही. पाच रुपयांची चहापूड, दहा रुपयांचं तेल, दोन अंडी असं विकूनच आमच्या घरात दोन मुलांची शिक्षणं झाली. घाऊकवाल्याला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही. मला दिसतं, आणि कुणाच्या घरात ह्या आठवड्यात डाळ गेली नाही हेही मला कळतं.

आता मालकांच्या महापौरपदाबद्दल, कारण सगळ्यात जास्त चेष्टा त्याचीच झाली. पत्रक छापायला दिलं तेव्हा छापखान्यातला पोरगासुद्धा गोंधळला होता. "काका, वॉर्डाचा नंबर घालू की नको?" आपल्याकडे महापौराला लोक निवडून देत नाहीत, हे मालकांना माहीत नाही असं तुम्हाला वाटलं काय? 58 वॉर्डांतून 58 नगरसेवक येतात, त्यांच्या जोडीला इथल्या आमदार-खासदारांनाही मत असतं, आणि सभागृहात हात वर करून एका वर्षासाठी महापौर ठरतो. ह्या वर्षी खुर्ची कुठल्या प्रवर्गाला, त्याची यादी बेंगळुरूहून येते. म्हणजे आपण मत देतो तेव्हा महापौर कोण होणार हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि उभ्या राहिलेल्यालाही नसतं. मालकांचं म्हणणं एवढंच होतं की हे लोकांना दारोदार जाऊन सांगायला हवं. "तू गटारासाठी मत देतोस आणि ते जातं खुर्चीला," असं ते प्रत्येक दारात म्हणायचे. माझं माहेर गडहिंग्लज. तिथं नगराध्यक्षाला लोक थेट मत देतात. महापालिकांच्या महापौराला तिकडेही नगरसेवकच निवडतात, ते मला माहीत आहे. पण माझी भावजय जिला मत देते तिच्याकडे जाऊन भांडू शकते. मी कुणाकडे भांडू? तक्रारीचा कागद घेऊन जाईपर्यंत वर्ष संपतं आणि खुर्चीत दुसरं कुणीतरी असतं.

तेव्हा मालकांनी 'महापौरपदासाठी' छापलं ते अडाणीपणानं नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. पत्रक वाचायला लोकांना दोन मिनिटं असतात, त्यात कोडं कशाला घालायचं? पण खोटं त्यात काही नव्हतं.

बेळगावच्या ह्या खुर्चीची किंमत काय, ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. 2005 साली महापालिकेत महाराष्ट्रात जाण्याचा ठराव झाला, तेव्हाचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरूत काळं फासलं गेलं, आणि महापालिका बरखास्त झाली. 2011 साली पुन्हा बरखास्त झाली. त्या काळात मालक रात्र रात्र झोपले नाहीत. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, एक नोव्हेंबरची काळ्या दिनाची सायकल फेरी त्यांनी आजवर चुकवलेली नाही. सतरा जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना हार, एक जूनला हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक, हे आमच्या घरात सणासारखं आहे. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आमचा मोठा मुलगा तेव्हा पहिलीत होता. त्याला आता मुलगी झाली. त्यामुळे मालकांनी मराठी माणसाशी गद्दारी केली, असं त्या बैठकीत कुणीतरी बोललं ते मला फार लागलं. बोलणाऱ्यानं गेल्या दहा वर्षांत सायकलवर पाय टाकला असेल तर मला दाखवावं.

आता उभे राहिलेच का, ते ऐका.

आधीच्या महापालिकेची मुदत 2019 साली संपली. पुढची निवडणूक झाली 3 सप्टेंबर 2021 ला. मधल्या काळात वॉर्डाला नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाचा. ऑगस्ट 2019 चा पाऊस त्याच काळातला, बळ्ळारी नाला फुगून शेतं पाण्याखाली गेली तो. 2020 चं लॉकडाऊनही त्याच काळातलं. माग बंद, कांड्या भरणाऱ्या बायका घरी, आठवड्याचा पगार नाही. वॉर्डात विचारायला कुणी नाही म्हणून लोक दुकानात यायचे. दुकानात का, तर ते उघडं होतं. मालक एका वहीत लिहून घ्यायचे. कुणाच्या घरी रेशन नाही, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाच्या गल्लीत औषध फवारलं नाही. ती वही घेऊन ते एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण?" हे म्हणाले, "कुणी नाही, दुकानदार." तो म्हणाला, "मग नगरसेवकाला पाठवा." नगरसेवकच नाही, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मी काय करू?"

त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत. निवडणुकीला उभं राहायचं त्या रात्री ठरलं. कुणाची मतं खायची म्हणून नाही ठरलं.

पक्षाचं तर विचारूच नका. नोंदणी झालेला, पण मान्यता नसलेला. अशा पक्षाला स्वतःचं राखीव चिन्ह नसतं, मोकळ्या चिन्हांतलं पदरात पडेल ते घ्यायचं. ह्यांनी शिलाई मशीन मागितलं होतं, मिळाली कपबशी. मग काय, दारात जाऊन "कपबशीला मत द्या" म्हटलं की लोक म्हणायचे, "आधी चहा तरी पाजा." त्या दोन आठवड्यांत आमच्या दुकानातली किती चहापूड गेली त्याचा हिशोब मी निवडणुकीच्या खर्चात दाखवायला सांगितला होता. हसून टाळलं त्यांनी. अर्ज कन्नडात. तो भरून दिला पलीकडच्या गल्लीतल्या एका कन्नड विणकराच्या मुलानं, ज्याचा बाप दुसऱ्याच पक्षाचा झेंडा लावतो. तो मुलगा मला अक्का म्हणतो. आमच्या पक्षातच निम्मे कन्नड बोलणारे आहेत, कारण मागावर बसणाऱ्याला वीजबिल मराठीत येत नाही आणि कन्नडातही कमी येत नाही. म्हणून पत्रक दोन्ही भाषांत छापलं. तर आपल्यातल्या एका पुढाऱ्यानं ह्यांना भर रस्त्यात अडवून विचारलं, "कन्नडात का छापलंस?" आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या पोरांनी पत्रकाचा गठ्ठा हातातून ओढून विचारलं, "मराठीत का छापलंस?" एकाच पत्रकावर दोन्हीकडून बोलणी खाणारा उमेदवार मी दुसरा पाहिला नाही.

सभेसाठी एक सभागृह ठरवलं होतं, आगाऊ रक्कमही दिली होती. दोन दिवस आधी निरोप आला, आधीचं बुकिंग निघालं म्हणून. त्या दिवशी ते सभागृह कुलूपबंद होतं. ते मी स्वतः जाऊन पाहिलं. मग सभा झाली आमच्याच दुकानासमोर, पावसात, ताडपत्रीखाली. चाळीसेक माणसं. त्यातली निम्मी पाऊस थांबायची वाट बघत होती, हे मी कबूल करते.

आता उमेदवाराच्या घरचं एक दुःख सांगते, ते तुमच्या कुणाच्या ध्यानात आलं नसेल. उमेदवाराच्या बायकोला उधारी मागायची चोरी. अर्ज भरला त्या दिवसापासून माझ्या वहीतलं प्रत्येक नाव मतदार झालं. कुणाला "मागचे चारशे राहिलेत हं" म्हणावं, तर घरात ओरडा, "आत्ताच कशाला मागतेस?" लोकांनाही ते बरोब्बर कळलं. महिन्याचं वाणसामान नेणाऱ्यांनी दोन महिन्यांचं नेलं. शेवटी बोरमाळ गहाण ठेवून रविवार पेठेतली देणी भागवली. आणि निकाल लागला तेव्हा मतं शंभराच्या घरात. वहीत उधारीची जेवढी नावं होती, तेवढीही मतं पडली नाहीत.

सासूबाईंनी तर चार दिवसांनी सांगितलं की त्यांना कपबशी दिसलीच नाही, सवयीनं जिथं बोट जातं तिथं गेलं. म्हणजे घरातलंच एक मत फुटलं. त्याचा ठराव कुणावर करायचा?

निकाल 6 सप्टेंबरचा आणि 10 ला गणेश चतुर्थी. आरतीला मंडळांनी जिंकलेल्यांना बोलावलं, मोठ्या पक्षांच्या हरलेल्यांनाही बोलावलं. आम्हाला कुणी बोलावलं नाही. मालक प्रसादाच्या रांगेत उभे राहिले.

पण खरी गंमत पुढेच आहे. निकाल लागला, 58 माणसं निवडून आली, आणि महापौर कधी निवडला? 6 फेब्रुवारी 2023 ला. सतरा महिने! आरक्षण, कोर्ट, सरकारी कागद, एकेक कारण. त्या सतरा महिन्यांत जिंकलेले आणि आमचे हरलेले मालक यांच्यात काहीच फरक नव्हता. दोघांनाही सभागृह नाही, दोघांनाही 'मग मी काय करू' हेच उत्तर. एक निवडून आलेला तरुण आमच्या दुकानात येऊन बसायचा आणि मालकांना म्हणायचा, "काका, तुम्ही तरी सुटलात." 2019 पासून धरलं तर जवळजवळ चार वर्षं ह्या शहराला लोकांनी निवडलेलं सभागृह बसलेलं नव्हतं. त्याबद्दल तुमच्यापैकी किती जणांनी मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन ठराव केला?

घटनेत, 243-यू कलमात, महापालिकेची मुदत पाच वर्षं आहे. पण ती पाच वर्षं मोजायची पहिल्या बैठकीपासून. म्हणजे पहिली बैठक जितकी लांबवाल तितकं निवडून आलेल्यांचं काही बुडत नाही, त्यांची पाच वर्षं पुढे सरकतात. बुडतं ते मतदाराचं. हे मला मालकांनी समजावून सांगितलं, आणि त्यांना एका वकिलांनी. किरकोळ माणसालाच हे समजून घ्यायची गरज पडते.

आता मतफुटीचा हिशोब. मी बारावीपर्यंत शिकले, पण बेरीज-वजाबाकी रोज करते. 2021 ला इथं पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली. 58 पैकी भाजपला 35, काँग्रेसला 10, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या वॉर्डात पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारातला फरक मालकांच्या मतांच्या कितीतरी पट होता. सगळीच्या सगळी मतं दुसऱ्याच्या पारड्यात ओतली असती, तरी काटा हलला नसता. हा आकडा तुमच्याकडेही आहे, निकालाचा कागद सगळ्यांना मिळतो. तरी बोट आमच्याकडे. ज्यांनी एकमेकांविरुद्ध दोन-दोन अधिकृत उमेदवार दिले, ज्यांनी रात्रीतून पक्ष बदलले, त्यांना कुणी 'मतं खाल्ली' म्हणत नाही. मोठ्यानं खाल्लं की ते राजकारण, लहानानं खाल्लं की फूट.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. माघारीचा भाव ठरवायलाच अर्ज भरणारे लोक आहेत. आमच्या ओळखीतही आहेत. छाननी झाली की त्यांच्या घरी गाड्या लागतात, आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी त्यांना अचानक समाजाची काळजी वाटू लागते. त्यांचा राग तुम्हाला येत असेल तर बरोबर आहे. पण त्यांना विकत घेणारं गिऱ्हाईक कोण? दुकानदार म्हणून सांगते, मागणी नसलेला माल कुणी मांडून बसत नाही. 2021 ला आमच्याकडेही एक पाकीट आलं होतं. आणणारा कुठल्या बाजूचा ते लिहीत नाही. मालक घरी नव्हते, पाकीट मी परत केलं. त्यात किती होते ते मोजले नाहीत. बोरमाळ तेव्हा गहाणच होती, एवढं सांगते.

पाण्याचं थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पत्र वेगळं लिहावं लागेल. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. पाणी आधी, पाहुणे नंतर, असा तो काळ. चोवीस तास पाण्याची योजना शहराच्या काही भागांत 2008 पासून आहे. आमच्या गल्लीत नळाला पाणी येणार त्या रात्री बायका गजर लावून झोपतात. मालकांच्या पत्रकात पहिला मुद्दा हा होता. दुसरा गटारांचा, तिसरा मागांच्या विजेचा. तुमच्या बैठकीच्या ठरावात यातलं काही होतं का, हे मी त्या वर्गमित्राला विचारलं. तो म्हणाला, "तो विषय नव्हता वहिनी."

म्हणून माझ्या मागण्या. हात जोडून, पण मागण्याच.

रविवारचा ठराव माइकवरून वाचला गेला, तो माइकवरूनच मागे घ्या. खासगीत येऊन "तसं नव्हतं म्हणायचं" असं सांगू नका. विशेषतः व्यवहार तोडण्याची भाषा. आमच्या दुकानातून दूध नेणाऱ्या बाईला तुमच्या ठरावाची भीती वाटली, तिनं दोन दिवस मुलाला लांबच्या दुकानात पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली, कारण तिकडे उधार मिळत नाही.

महापौर-उपमहापौरांचं आरक्षण पुढच्या पाचही वर्षांचं मतदानाआधी जाहीर व्हावं, अशी मागणी सगळ्या पक्षांनी मिळून सरकारकडे करावी. भाषेवरून तुमचं जमत नाही, निदान ह्यावर जमू द्या. यादी आधी कळली की प्रत्येक पक्षानं आपला पहिला महापौर कोण हे पत्रकावर छापावं. मग मालकांना ते एकट्यानं छापायची वेळ येणार नाही, आणि मलाही लोकांना उत्तरं द्यावी लागणार नाहीत.

निकालानंतर एक महिन्याच्या आत पहिली बैठक आणि महापौराची निवड झालीच पाहिजे, असं लेखी आश्वासन प्रत्येक उमेदवारानं मतदारांना द्यावं. नाही झाली तर जिंकलेल्यांनी महापालिकेच्या दारात बसावं. आम्ही चहा आणून देऊ. कपबशी आमच्याकडे आहे.

प्रत्येक वॉर्डात शाळेच्या पटांगणात एक सभा घ्या, सगळ्या उमेदवारांची एकत्र, प्रत्येकाला दहा मिनिटं. मोठ्याला दहा, किरकोळलाही दहा. मराठीत बोला, कन्नडात बोला, उर्दूत बोला, लोकांना सगळं कळतं. सभागृहाचं भाडं आणि कुलूप, दोन्ही वाचतील.

निवडणुकीच्या सूचना, अर्ज, मतदार याद्या कन्नडाबरोबर मराठीतही मिळाव्यात. जिथं भाषिक अल्पसंख्याक मोठ्या संख्येनं आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्रानं 1956 सालीच मान्य केलंय. ही मागणी तुम्ही वर्षानुवर्षं करता, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. पण ज्यानं आमचा अर्ज कन्नडात भरून दिला त्या मुलाला 'त्यांच्यातला' म्हणून बाजूला काढू नका. तो नसता तर आमचा अर्जच बाद झाला असता.

आणि माघारीचा सत्कार बंद करा. शालींचा खर्च तेवढाच वाचेल.

मालक पुन्हा उभे राहणार का, असं सगळे विचारतात. ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. गुडघे दुखतात, आणि बोरमाळ मागच्या दिवाळीलाच सुटली. पण वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तर अर्ज मी भरणार आहे. हे त्यांना ह्या पत्रातूनच कळेल, घरी अजून सांगितलेलं नाही. पत्रकावर काय छापायचं ते मी ठरवीन आणि चिन्ह कुठलंही मिळो, चहा मात्र मिळणार नाही.

तेव्हा माघारीसाठी यायचं असेल तर दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, त्या वेळी येऊ नका. शिवाय रविवारी व्यासपीठावर बसलेल्यांपैकी एका गृहस्थांची 2021 च्या ऑगस्टपासूनची उधारी आहे. नाव इथं लिहीत नाही, वहीत आहे. येताना तेवढे घेऊन यावेत. सुट्टे नसले तरी चालेल, माझ्याकडे असतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका किरकोळ उमेदवाराची बायको
वडगाव, बेळगाव